बसल्या जागी उतरणारी बॅटरी : मीठ धातू पितं, त्याचं काय करायचं?

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री १०.५५

लई दिवसांनी धागा काढालोय. विषय आडवळणाचा आहे, पण आपल्या बेळगावच्या उद्यमबागची भट्टीवाली मंडळी इथं आहेत म्हणून धीर केला.

मी काम करतो ते वितळलेल्या धातूच्या बॅटरीवर. ही घरातल्या इन्व्हर्टरला लावायची नव्हे. सोलरची, पवनचक्क्यांची वीज साठवायला एका जागी रोवून ठेवायची मोठी बॅटरी. रचना इतकी सोपी की पहिल्यांदा ऐकणारा हसतो. स्टीलचा डबा. तळाला जड धातू, माझ्याकडं बिस्मथ. त्यावर लिथियमचं वितळलेलं मीठ. सगळ्यात वर हलकं लिथियम. ५५० अंशाला तिन्ही पातळ होतात आणि पाण्यावर तेल थांबावं तसे आपापल्या वजनानं थर धरून राहतात. मध्ये पडदा नाही. वीज घेताना लिथियम आपला इलेक्ट्रॉन तारेत सोडतं, स्वतः आयन होऊन मिठातून खाली उतरतं आणि बिस्मथमध्ये मिसळतं. चार्ज करताना उलटा प्रवास. धातू पातळच, त्यामुळं इलेक्ट्रोडला तडे जाणं, पापुद्रे सुटणं ही इतर बॅटऱ्यांची दुखणी इथं नाहीत.

हिचं दुखणं वेगळं. पूर्ण चार्ज करून, तार काढून, हात न लावता ठेवली तरी उतरते. हिशेब करून दाखवतो. समजा सेल ४ अँपिअर-तासाचा आणि पृष्ठभाग १० चौरस सेंटिमीटर. गळती चौरस सेंटिमीटरला फक्त १ मिलिअँपिअर धरा. म्हणजे एकूण १० मिलिअँपिअर, २४ तासांत २४० मिलिअँपिअर-तास. शंभरातले सहा गेले, आणि दिवा एकही लागला नाही.

कारण पुस्तकात आहे, ते मला पाठ आहे : वरचं लिथियम थोडं धातू म्हणूनच मिठात विरघळतं आणि तारेविना खाली बिस्मथपर्यंत पोचतं. मला हाताचं ज्ञान पाहिजे. वितळलेल्या मिठाशी, स्लॅगशी, फ्लक्सशी ज्यांचा रोजचा संबंध आला त्यांनी बोलावं.

(संपादन : शीर्षक काकांच्या प्रतिसादावरून बदललंय.)

साचा_वाळू · शुक्रवार, रात्री ११.२०

आधी एक सांग. ५५० अंशाला ठेवायला वीज कोण देणार? आमच्या शेडात इंडक्शन भट्टी रात्रभर होल्डिंगवर ठेवली तर महिन्याचं बिल बघून मालक सकाळचा चहा सोडतो. तू सहा टक्क्यांचं रडालास, गरम ठेवण्यात साठ जातील की.

मार्कंडेयकाठ · शुक्रवार, रात्री ११.४१

बरोबर विचारलंत अण्णा, पण हे दोन वेगळे खाते आहेत. टेबलावरचा माझा सेल गरम ठेवायला हीटर लागतोच, त्याचा हिशेब मांडला तर बॅटरी म्हणायची लाज वाटेल. पण शेकडो मोठे सेल एका पेटीत कोंबून चांगलं इन्सुलेशन केलं की चार्ज-डिस्चार्ज होताना आतल्या रोधामुळं जी उष्णता सुटते तीच त्यांना गरम ठेवते. आकार वाढला की आतला माल वाढतो तसा बाहेरचा पत्रा वाढत नाही. तुमची पाच टनी भट्टी आणि सोनाराची मूस, टनामागं कुठली लौकर निवते ते तुम्हाला मी काय सांगू.

मात्र अट एकच, रोज वापरली पाहिजे. आठवडाभर नुसती ठेवली तर उष्णतेचंही खातं बुडीत आणि गळतीचंही.

पॉटरूमवाले_काका · शनिवार, सकाळी ६.१०

रात्री वाचलं, झोप लागली नाही म्हणून पहाटे लिहितोय. चष्मा जुना आहे, चुका पोटात घाला.

पोरा, तू जे सांगालास ते मी इंडालच्या, म्हणजे इथल्या अॅल्युमिनियम कारखान्याच्या, पॉटरूममध्ये रोज बघितलंय. आता तिथं नुसता अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) होतो, त्यातनं विजेनं धातू काढायचे पॉट केव्हाच थंड झाले. त्या वेळी रांगेनं पॉट होते. क्रायोलाइटचा बाथ, म्हणजे वितळलेलं मीठ, ९६० अंशाच्या आसपास, वरनं कार्बनचे अॅनोड, खाली अॅल्युमिनियम धातू साचलेला. एका पॉटला चार-साडेचार व्होल्ट. धातू खाली आणि मीठ वर, एवढा फरक सोडला तर तुझाच डबा.

फॅरेडेच्या हिशेबानं अमुक अँपिअरला अमुक किलो धातू पडायला पाहिजे. पडायचा तो शंभराला नव्वद, बरी पाळी असली तर थोडा वर. उरलेला गेला कुठं? बाथमध्ये. तयार झालेला धातू बाथमध्ये थोडा विरघळतो, वर अॅनोडकडं जातो, तिथल्या कार्बन डायऑक्साइडला भेटतो आणि पुन्हा अॅल्युमिना होऊन बसतो. वीज खाऊन केलेला धातू बाथ गिळून टाकतो. आमच्यात हुक्केरीकडचा एक कानडी मिस्त्री होता. टॅपिंगला, म्हणजे पॉटमधनं धातू काढताना, तो कमी आला की बाथकडं बोट करून म्हणायचा, "कुडदैती." म्हणजे प्यायलाय. मीटर बघायच्या आधी बाथच्या रंगावरून सांगायचा.

आता आमच्याकडं इलाज काय होते, ते सांगतो.

पॉट तापला की पिणं वाढतं. दहा अंश जास्त झाले तरी टॅपिंगला कळायचं. म्हणून बाथमध्ये अॅल्युमिनियम फ्लोराइड जादा टाकायचं. त्यानं बाथचा गोठणबिंदू खाली येतो, पॉट थोडा थंड चालवता येतो, आणि वर त्या बाथमध्ये धातू विरघळतोही कमी. एका दगडात दोन. पण त्याचीही किंमत आहे, बाथ वीज कमी वाहतो आणि अॅल्युमिना नीट विरघळत नाही, तळाला चिखल बसतो.

दुसरं, अॅनोड आणि धातू यांच्यातलं अंतर. चार-पाच सेंटिमीटर. वीज वाचवायची म्हणून कुणी अॅनोड खाली दाबला की व्होल्ट कमी दिसायचे, सुपरवायझर खूष. आणि टॅपिंगला धातू कमी.

तिसरं, हलणं. एवढा करंट वाहतो तिथं चुंबकाच्या ओढीनं धातू डुचमळतो. शांत पॉट आणि डुचमळणारा पॉट यांत जमीन-अस्मानाचा फरक. तुझा डबा केवढा आहे? वाटीएवढा असला तर हे तुला दिसणार नाही. तवा-परातीएवढा झाला की दिसेल.

मार्कंडेयकाठ · शनिवार, सकाळी ९.०५

काका, दोन वर्षं मी जे वाचालोय ते तुम्ही एका पहाटेत लिहिलंत. शीर्षक बदलतो.

तुमचा एकेक इलाज माझ्या डब्याला लावून बघतो.

तापमान. हो. विरघळणंही कमी होतं आणि विरघळलेला धातू मिठातून सरकतोही हळू. २०१२ साली एमआयटीत डोनाल्ड सॅडोवेंच्या गटानं मॅग्नेशियम-अँटिमनीचा सेल दाखवला तो ७०० अंशावर चालायचा, घातलेल्या ऊर्जेतली जास्तीत जास्त ६९ टक्के परत मिळायची. २०१४ ला त्याच गटानं वर लिथियम घेतलं आणि खाली अँटिमनीत शिसं मिसळलं. अँटिमनी एकटं ६३० अंशाला वितळतं. शिशामुळं सेल ४५० ला चालू लागला, आणि गंमत म्हणजे व्होल्टेज अँटिमनीचंच राहिलं. चार्जचा परतावा ९८ टक्के, ऊर्जेचा ७३.

या दोन आकड्यांत लोक गोंधळतात. ९८ म्हणजे घातलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी किती परत आले. गळती दिसते ती इथं. ७३ मध्ये रोधात जळालेले व्होल्टही धरलेत. गळती कमी करायला म्हणून मिठाचा थर जाड केला तर पहिला आकडा वाढतो आणि दुसरा पडतो. माझ्या मिठाची वाहकता सेंटिमीटरला २ सीमेन्सच्या आसपास धरा. एक सेंटिमीटर थर, चौरस सेंटिमीटरला ३०० मिलिअँपिअर, म्हणजे ०.१५ व्होल्ट मिठातच गेले. सेलच मुळात पाऊण व्होल्टाचा! चार्ज करताना पुन्हा तेवढेच. तुमच्या सुपरवायझरची गोष्ट उलट्या बाजूनं.

आणि डुचमळणं. माझा सेल खरंच वाटीएवढा आहे. पण जर्मनीत ड्रेस्डेनच्या केंद्रात याच प्रश्नावर माणसं बसलीत, मोठ्या सेलमध्ये करंटमुळं थर कसे ढवळले जातात यावर. संथ मिठात धातूला पोहत जावं लागतं, ढवळलेल्या मिठात त्याला गाडी मिळते.

चिकोडीची_सून · शनिवार, दुपारी १.३०

वाचनमात्र होते, पण राहवेना. एक शंका. लिथियम क्लोराइड ६०५ अंशाला वितळतं. त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलं की साडेतीनशेच्या आसपास येतं, हे आम्ही वर्गात शिकवतो. स्वस्तही आहे. मग ५५० ला कशाला जळायचं?

मार्कंडेयकाठ · शनिवार, दुपारी २.१५

ताई, मी पहिल्या वर्षी हेच केलं आणि तोंडावर पडलो. वरचं लिथियम मिठातल्या पोटॅशियमला थोडं थोडं ढकलून बाहेर काढतं आणि त्याची जागा घेतं. सुटलेला पोटॅशियम धातू मिठात जास्त विरघळतो, शिवाय उडतोही. थंड करून जे मिळवलं ते पोटॅशियमनं नेलं. म्हणून लोक मिठात सगळीकडं लिथियमच ठेवतात आणि जोडीदार बदलतात : फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड. फ्लोराइड-क्लोराइड-आयोडाइडचं मिश्रणही साडेतीनशेच्या आत वितळतं. आयोडाइडची किंमत मात्र विचारू नका.

विरघळण्याच्या बाबतीत लिथियम त्यातल्या त्यात सभ्य. सोडियमचं बघा. वितळलेलं मीठ आणि सोडियम १०८० अंशाच्या वर कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात, थरच राहत नाहीत. खालच्या तापमानालाही सोडियम हात आखडत नाही. सोडियम इतकं स्वस्त असून या बॅटरीत मागं पडलं ते त्यामुळं.

कॅल्शियमही पिणाऱ्यांतलंच. आपल्याच क्लोराइडमध्ये ते चांगलंच विरघळतं, वर ८४२ अंशाला वितळतं. त्यावर २०१६ मध्ये निघालेली युक्ती मला सगळ्यात आवडते. कॅल्शियममध्ये मॅग्नेशियम मिसळलं आणि मिठात लिथियम क्लोराइड घातलं. वितळणं खाली आलं, आणि मिश्रधातूत कॅल्शियमची ओढ थोडी मारली गेली. धातू मिठात किती उतरणार ते त्याच्या या ओढीवर ठरतं. ओढ कमी केली की थोडं व्होल्टेज जातं, पण गळती त्याहून जास्त घटते.

साचा_वाळू · शनिवार, दुपारी ३.००

ओढ म्हणजे? आम्ही दहावीपर्यंत.

चिकोडीची_सून · शनिवार, दुपारी ३.२०

वर्गात मी असं सांगते. माहेरी एकटी पोर असली की सुट्टी लागायच्या आत बॅग भरून तयार. सासरी चार जावांत रमली की निघता निघता सण उलटतो. धातूचंही तसंच, मिश्रणात रमला की मिठात जायला मागत नाही. (स्वानुभव नाही, चिकोडीहून माहेर दीड तासावर आहे.)

निपाणीकर · शनिवार, सायंकाळी ७.४५

सगळं छान आहे, पण बाजाराचं बोला. सॅडोवेंनी २०१० ला काढलेली अँब्री कंपनी, जिच्यात बिल गेट्सचे पैसे, २०२१ ला रिलायन्सनंही ५ कोटी डॉलर घातले, ती मे २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. तेवढ्यात लिथियम आयर्न फॉस्फेटची साधी, गरम न करता चालणारी बॅटरी स्वस्त झाली. तिचं बसल्या जागी उतरणं महिन्याला दोन-तीन टक्के, भट्टी लागत नाही, कंटेनर आला की जोडला. तंबाखूचा भाव पडलेला असताना तंबाखूच लावणाऱ्या माणसाला आमच्याकडं काय म्हणतात ते लिहीत नाही.

मार्कंडेयकाठ · शनिवार, रात्री ९.१०

लिहा की, घरी रोज ऐकतो.

भावात आज आयर्न फॉस्फेटशी कुणी टक्कर देत नाही हे मान्य. पण अँब्री बुडाली ती गळतीमुळं असं मी म्हणणार नाही. रोज भरायची-रोज रिकामी करायची बॅटरी असेल तर दिवसाला टक्का-दोन टक्के गळती हा हिशेबातला लहान आकडा असतो. त्यांची खरी झुंज होती ती सीलशी, डब्याशी, आणि कारखाना उभा करायच्या पैशाशी. माझं मत आहे, चूक असू शकतं.

मला या कामात धरून ठेवणारी गोष्ट वेगळी. २०१४ च्या त्या सेलवर रोज एक फेरा याप्रमाणे दहा वर्षांनी ८५ टक्क्यांहून जास्त क्षमता उरेल असा अंदाज मांडला होता. जे झिजतच नाही त्याची गळती बंद करावी, एवढाच मोह.

यल्लम्माच्या_डोंगराखाली · शनिवार, रात्री १०.३०

आमच्या सौंदत्तीकडं आषाढ-श्रावणात वारं असं सुटतं की पवनचक्क्या रात्रंदिवस फिरतात, आणि वीज पाहिजे असते उन्हाळ्यात. रोजच्या फेऱ्याची बॅटरी ठीक, पण पावसाळ्याचं वारं चैत्रापर्यंत कोण ठेवणार? इथं रेणुकासागराला लागून पंप्ड स्टोरेज येतंय. रिकाम्या वेळी पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. त्याला हा रोग नाही.

मार्कंडेयकाठ · शनिवार, रात्री १०.४८

आहे की! वरच्या तळ्यातलं बाष्पीभवन आणि पाझर, तो पाण्याचा सेल्फ-डिस्चार्ज. चैत्राचं म्हणाल तर तेही तळं काही तासांच्या साठ्याचंच असतं, मोसमाचं नव्हे. तुमचा प्रश्न मोठा आहे, त्याला माझा डबा पुरा पडणार नाही.

चिकोडीची_सून · रविवार, सकाळी ११.००

पडद्याचं कुणी बोललंच नाही. सोडियम-सल्फरच्या बॅटरीत बीटा अॅल्युमिनाची नळी असते. तिच्यातून सोडियम आयन जातो, धातू म्हणून जात नाही, म्हणजे अशी गळती नाहीच. तसं काही घालता येत नाही?

मार्कंडेयकाठ · रविवार, सकाळी ११.३५

घालता येतं, पण मग पडदा नसल्याचं सुख जातं. ती नळी चिनीमातीसारखी ठिसूळ, एक तडा आणि सेल गेला. २०१८ मध्ये सॅडोवेंच्याच गटानं मधला मार्ग दाखवला, टायटॅनियम नायट्राइडचा थर दिलेली धातूची जाळी. ती वीजवाहक असते. जो आयन पलीकडं जाऊन घात करणार तो जाळीवरच इलेक्ट्रॉन घेऊन अडतो. पण तो सेल वेगळ्या जातीचा, शिशाच्या क्लोराइडचा. माझ्या डब्यात जाणारा चोर आयन नव्हे, धातू आहे. त्याला ती जाळी ओळखणार नाही.

आता माझी फजिती सांगतो. जुलैत सेल भरला. बेळगावचा जुलै, तुम्हाला माहीत आहे, कपाटातल्या बुटांना बुरशी येते. लिथियम क्लोराइड हवेतलं पाणी असं ओढतं की बरणीचं झाकण उघडं राहिलं तर तासाभरात वरचा थर ओला चिकट होतो. मी ते व्हॅक्यूम ओव्हनमध्ये एक रात्र ठेवलं आणि पुरे म्हटलं. मध्ये लाईट गेली होती, किती वेळ ते कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. सेल २४ तास बसवला तर नऊ टक्के गायब. मी आनंदानं वहीत लिहिलं, "गळती ९%". सरांनी एकच विचारलं, पुन्हा चार्ज केल्यावर आले का? आले नव्हते सगळे. म्हणजे काही भाग गळतीच नव्हती. पाण्यानं लिथियम कायमचं खाल्लं होतं, ऑक्साइड करून. मिठातून खाली उतरलेलं लिथियम बिस्मथमध्ये मिळतं, चार्ज केला की परत येतं. पाण्यानं नेलेलं येत नाही.

या आठवड्यात मीठ दोन रात्री वाळवलं, ओव्हनशेजारी घड्याळ ठेवलं. नवा सेल लावलाय.

मार्कंडेयकाठ · पुढचा शनिवार, रात्री ८.२०

निकाल. सेल चार्ज करून ठरलेल्या व्होल्टेजला धरून ठेवला आणि तिथं टिकवायला किती करंट द्यावा लागतो ते बघितलं. तोच गळतीचा करंट. पहिल्या दिवशी जास्त होता, मग बसला. आधीच्या सेलच्या निम्म्याच्याही खाली आला. पण तिथंच अडलाय. तापमान वीस अंश उतरवलं, हलेना.

चिकोडीची_सून · शनिवार, रात्री ९.००

तापमानाला दाद देत नाही? मग ते विरघळणं नसावं. व्होल्टेज थोडं खाली धरून बघा. विरघळलेल्या धातूची गळती व्होल्टेजला फारशी विचारत नाही, कारण वर शुद्ध लिथियम आहे तोवर मिठात तेवढंच उतरणार. करंट व्होल्टेजच्या प्रमाणात पडला तर कुठंतरी सरळ तार जुळलीय समजा.

मार्कंडेयकाठ · रविवार, रात्री ११.५०

प्रमाणात पडला, ताई.

सेल थंड करून करवतीनं उभा चिरला. खाली बिस्मथ चकचकीत, मीठ पांढरं, वरचं लिथियम धरून ठेवणाऱ्या धातूच्या स्पंजाजवळ फक्त थोडंसं करडं. मागचा सेल चिरला तेव्हा मीठ निम्म्यापर्यंत राखेसारखं काळपट होतं. म्हणजे मीठ सुधारलंय.

पॉटरूमवाले_काका · सोमवार, सकाळी ५.४०

मीठ पांढरं तर मिठाला कशाला बोल लावालास. झाकणात वरची सळई ज्यातनं आत येते ती नळी कशाची आहे? आणि तिचा आतला, खालचा काठ कुठल्या रंगाचा?

मार्कंडेयकाठ · सोमवार, सकाळी ८.३०

अॅल्युमिनाची. आत्ता भिंगातून बघितलं. बाहेरून दुधासारखी, आतला काठ काळा. लिथियमची वाफ वर जाऊन अॅल्युमिनातला ऑक्सिजन ओढून घेते, असं मीच मागच्या सेमिनारला सांगितलं होतं. वीज अडवणारी नळी काठाला वीज वाहायला लागलीय. बोरॉन नायट्राइडची मागवतो.

पॉटरूमवाले_काका · सोमवार, सकाळी ८.४२

अॅल्युमिनाला नावं ठेवू नको, आमच्या घरची चूल त्यावर पेटली. पण मागव. आणि ती काळी नळी टाकू नको, मला बघायची आहे, रविवारी येळ्ळूरला येतोच आहे.